अनेक इंजिनांचे रॉकेट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आपण एका इंजिनाच्या घरगुती रॉकेटची ओळख करून घेतली होती. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, काळ्या दारूचे कारखान्यात तयार झालेले इंजिन आणि उतरताना उघडणारे पॅराशूट, एवढ्या सामग्रीवर ते शे-दोनशे मीटर वर जाऊन सुखरूप परत येते. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख पुढच्या पायरीकडे, म्हणजे एकाच रॉकेटला दोन, तीन किंवा चार इंजिने बसवण्याकडे आहे. त्यातील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : महाविद्यालयाने रीतसर परवानगीने मिळवलेली सी ६-५ इंजिने आमच्या गटाकडे आहेत. एका इंजिनाचे रॉकेट व्यवस्थित उडाल्यामुळे हुरूप आला आणि आम्ही तीन इंजिने त्रिकोणात बसवून नवे रॉकेट बांधले. पहिल्याच उड्डाणात दोन इंजिने पेटली, तिसरे पेटले नाही. रॉकेट उड्डाणाच्या उभ्या दांडीवरून सुटताच एका अंगाला कलले आणि तुरीच्या शेतात जाऊन पडले. इंजिन पेटवणारा बॅटरीचा डबा जुनाच, चार पेन्सिल सेलचा होता, पण एका इंजिनाच्या वेळी तो कधी चुकला नव्हता. दोष कुठे असावा?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दोष बहुधा त्या डब्यातच आहे. मात्र एवढे सांगून थांबणे योग्य होणार नाही, कारण अनेक इंजिनांच्या रॉकेटमध्ये ताकद कमी पडल्याची तक्रार क्वचितच येते. येते ती सगळी इंजिने एकाच क्षणी न पेटल्याची. बांधणी, जोडणी आणि वजन यांविषयीचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर तपासून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

इतर वाचकांसाठी आधी त्या आकड्यांचा अर्थ सांगतो. ‘सी’ म्हणजे इंजिनाचा एकूण आवेग (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंद या गटातला आहे. ‘६’ हा न्यूटनमधील सरासरी रेटा, जो या इंजिनाच्या बाबतीत प्रत्यक्षात पाचच्या आसपास भरतो. आणि ‘५’ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. हे इंजिन १८ मिलिमीटर जाडीचे, ७० मिलिमीटर लांबीचे आणि साधारण २४ ग्रॅम वजनाचे असते.

आता पेटवण्याकडे वळू. इग्नायटर म्हणजे टोकाला ज्वालाग्राही लेप दिलेली बारीक तार. ती क्षणात तापायची तर तिच्यातून साधारण दोन अँपिअर प्रवाह जावा लागतो. तीन इग्नायटर समांतर जोडले की हीच मागणी सहा अँपिअरवर जाते आणि तेवढा प्रवाह देताना पेन्सिल सेलचा विद्युतदाब कोसळतो. मग तिन्ही तारा सावकाश तापतात, त्यातल्या एकदोन आधी पेटतात, रॉकेट उठते आणि मागे राहिलेल्या तारेच्या क्लिपा ओढून काढते. तिसरे इंजिन न पेटण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. यावर मोटारसायकलची चांगली भारलेली १२ व्होल्टची बॅटरी आणि जाड तांब्याची तार हा उपाय पुरेसा ठरतो. इग्नायटर एकसर जोडणीत कधीही लावू नयेत, कारण पहिली तार जळून तुटली की मंडल तेथेच खंडित होते आणि उरलेल्या दोघांना काहीच मिळत नाही. समांतर जोडणीत एक तार तुटली तरी इतरांचा प्रवाह चालू राहतो. तेथे धोका असतो तो दोन क्लिपा एकमेकींना टेकण्याचा, कारण मग सगळा प्रवाह त्या आखूड वाटेने निघून जातो. म्हणून प्रत्येक इग्नायटरच्या दोन तारांपैकी एकेक उजवीकडे आणि एकेक डावीकडे वळवावी, दोन्ही जुडग्यांच्या मध्ये चिकटपट्टीचा तुकडा ठेवावा आणि क्लिपांचे दात पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावेत. मागच्या उड्डाणाची काजळी त्या दातांवर बसलेली असते आणि ती विजेला अडवते.

याहून बारीक, पण तितकीच निर्णायक बाब म्हणजे इग्नायटर आत कुठवर गेला आहे. त्याचे टोक इंधनाला प्रत्यक्ष टेकले पाहिजे. इंधनापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे राहिले तर लेप जळतो, धूर निघतो आणि इंजिन तसेच थंड राहते. इंजिनाच्या तोंडातून बारीक काडी अलगद इंधनापर्यंत घालावी, तोंडाशी नखाने खूण करून ती बाहेर काढावी आणि इग्नायटर तेवढाच आत गेला आहे ना, हे प्रत्येक इंजिनाच्या बाबतीत स्वतंत्रपणे पाहावे. नंतर बुचाने तो पक्का करावा. तिन्ही इंजिने आणि तिन्ही इग्नायटर एकाच खोक्यातले असावेत.

एवढे करूनही एखादे इंजिन चुकू शकते, हे धरूनच रॉकेट बांधावे. चुकलेल्या इंजिनामुळे रॉकेटला वळवणारे बल-आघूर्ण म्हणजे त्या एका इंजिनाचा हरवलेला रेटा गुणिले त्याचे मध्य-अक्षापासूनचे अंतर. तीन इंजिने एकमेकांना चिकटून बसवली तर हे अंतर सुमारे ११ मिलिमीटर राहते. शोभेसाठी ती दूरदूर बसवली तर तेच तीस-चाळीसवर जाते आणि मग कोणतेही पंख रॉकेटला सावरू शकत नाहीत. वजनाचेही तसेच आहे. रेटा वजनाच्या किमान पाचपट असावा, हा जुना नियम आहे. तो तीन इंजिनांवर न लावता दोनांवर लावावा. दोन इंजिनांचा सरासरी रेटा दहा न्यूटन धरला, तर इंजिनांसह सारे रॉकेट दोनशे ग्रॅमच्या आत बसले पाहिजे. त्यातले ७२ ग्रॅम इंजिनांचेच असल्याने नळी, पंख, नाकाचा शंकू आणि पॅराशूट यांना सव्वाशे ग्रॅमच उरतात. तुमच्या रॉकेटचे वजन तुम्ही कळवलेले नाही. ते आधी काट्यावर ठेवून पाहावे.

खऱ्या अवकाशयानांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. सॅटर्न ५ ची पाच इंजिने उड्डाणाच्या काही सेकंद आधी पेटवली जात आणि पाचांचाही रेटा पुरा झाल्याची खात्री होईपर्यंत रॉकेटला खालून पकडून ठेवले जाई. सोयुझच्या उड्डाणाच्या पहिल्या क्षणी पाच इंजिनांचे मिळून वीस मुख्य ज्वलनकक्ष पेटावे लागतात. त्यासाठी बर्च झाडाच्या लाकडी काठ्यांवर बसवलेले पेटते बार त्या कक्षांत खालून घातलेले असतात आणि ते पेटल्याचा संकेत मिळाल्यावरच इंधनाचा मोठा प्रवाह सोडला जातो. आपल्या लहान रॉकेटला असे धरून ठेवणारे कोणी नसते. पहिले इंजिन पेटताच ते निघते, आणि म्हणूनच तारेच्या टोकाची ती मिलिमीटरची तपासणी इतकी महत्त्वाची आहे.

प्रश्न : एका इंजिनासाठी बांधलेल्या रॉकेटच्या नळीत मी जाड नळी जोडून तीन इंजिनांची सोय केली. तिन्ही पेटली, तरी रॉकेट हवेत कोलांट्या खाऊन खाली आले. पंख तेच होते आणि सरळ होते.
— एक वाचक, जालना

उत्तर : पंख सरळ होते, पण ते आता पुरेसे राहिले नव्हते. शेपटाकडे एकाऐवजी तीन इंजिने आल्याने तुमच्या रॉकेटचा गुरुत्वमध्य मागे सरकला. हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो त्या दाबमध्याच्या पुढे, किमान नळीच्या एका व्यासाइतका, गुरुत्वमध्य असला तरच रॉकेट नाकासमोर जाते. तो मागे गेला की हवाच त्याला उलटे फिरवते.

तपासणी सोपी आहे. न वापरलेली इंजिने आणि घडी केलेले पॅराशूट आत ठेवून रॉकेट बोटावर तोला आणि तो तोलबिंदू पेन्सिलने नोंदवा. तेथे दोन-अडीच मीटरची दोरी बांधून, दोरी चिकटपट्टीने पक्की करून, मोकळ्या जागी डोक्याभोवती गोल फिरवा. शंकू पुढे ठेवून रॉकेट फिरत राहिले तर ते स्थिर आहे. आडवे होत असेल किंवा शेपूट पुढे करत असेल तर पंख मोठे करावेत किंवा शंकूत वजन घालावे. पंख मोठे करणे मला अधिक पसंत आहे, कारण नाकातला प्रत्येक ग्रॅम वर सांगितलेल्या दोनशे ग्रॅमांतून जातो. वजन घालायचेच असेल तर ते धातूचे नसावे. मुलांच्या खेळण्यातला तेलकट क्ले चालतो. शाडूची माती ओली असताना भरून तोल साधू नये, कारण ती वाळली की तिच्यातले पाणी आणि त्याबरोबर तुमचा तोलही जातो.

प्रश्न : माझ्या चार इंजिनांच्या रॉकेटचा एक पंख मुळापासून निघाला, नळीचे तोंड पॅराशूटच्या दोरीने चिरले आणि मधोमध एक चुणी पडली. हे दुरुस्त करावे की नवे बांधावे? नळी वळण्यातच माझी दिवाळीची सुट्टी गेली होती.
— अकरावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अवश्य दुरुस्त करावे. अशा रॉकेटमध्ये सर्वांत मेहनतीचा भाग म्हणजे इंजिनांच्या नळ्यांचा जुडगा, आणि तो तुमच्या वर्णनावरून शाबूत दिसतो. तरीही सुरुवात तेथूनच करा. रॉकेट उजेडाकडे धरून पुढच्या बाजूने आत पाहा : चार नळ्यांच्या मधल्या फटीतून उजेड दिसत असेल तर पॅराशूट फेकणारा वायूही तेथूनच निसटत असणार. ती फट पुठ्ठ्याचा तुकडा आणि फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा घालून पूर्ण बुजवावी. नळ्यांच्या आतला पुठ्ठा काळा पडून खरवडला जात असेल तर मात्र जुडगा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पंख निघताना त्याच्याबरोबर नळीच्या कागदाचा पापुद्राही निघालेला असतो. त्यावर तसाच डिंक लावला तर पंख पुढच्या वेळी आणखी मोठा पापुद्रा घेऊन निघेल. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने साफ कराव्यात, दोन्हींना फेव्हिकॉलचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, नंतर दुसरा हात देऊन पंख दाबून बसवावा. अशा दुहेरी हाताने सांधा लाकडाहून पक्का होतो. वाळल्यावर सांध्याच्या दोन्ही अंगांनी बोटाने गोलसर भर द्यावी. पंख नव्वद अंशांच्या फरकाने बसतात की नाही, हे पाहण्यासाठी कागदावर अधिक-चिन्ह आखावे आणि रॉकेट शेपटाकडून त्यावर उभे करावे. डोळ्यांच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

चुणी पडलेली नळी वरून कागद गुंडाळून सरळ होत नाही. पुढच्या उड्डाणात ती तेथेच मोडते. खराब झालेला भाग नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या काठाने सरळ कापून टाकावा आणि आत घट्ट बसणारी दुसरी नळी घालून दोन्ही तुकडे जोडावेत. तोंड चिरण्याचे कारण वेगळे आहे. रॉकेट अजून वेगात असताना पॅराशूट बाहेर पडले आणि दोरीने नळी कापली, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे इंजिनाचा विलंब-आकडा तुमच्या रॉकेटला जुळत नाही किंवा दोरी आखूड आहे. दोरी रॉकेटच्या लांबीच्या निदान तिप्पट ठेवावी आणि चिरलेल्या कडेत फेविक्विक मुरवून ती कडक करावी.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. दुरुस्तीचा डिंक आणि भर शेपटाकडेच वाढलेली असते, म्हणून दुरुस्तीनंतर वजन आणि गुरुत्वमध्य पुन्हा पाहिल्याशिवाय उड्डाण करू नये. शिवाय पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात रॉकेट भिंतीला टेकवून ठेवू नये. पुठ्ठ्याची नळी वाकते आणि ते वाकणे दांडीवर चढवेपर्यंत लक्षात येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याने दिवाळीचे तीन बाण पुठ्ठ्याच्या नळीला बांधून रॉकेट केले आणि आता बाणांतली दारू काढून स्वतः इंजिन भरायचे म्हणतो. त्याची आवड मोडू नये असे वाटते, पण भीतीही वाटते. काय करावे?
— एक आई, केज (जि. बीड)

उत्तर : ताई, तुमची भीती योग्य आहे आणि दारू काढण्याचे काम त्याला आजच थांबवायला सांगावे. बाणातली दारू खरवडताना घर्षणाने किंवा स्थिर विजेच्या ठिणगीने पेटू शकते. घरी भरलेल्या इंजिनात ती कुठे सैल, कुठे घट्ट बसते आणि आतल्या भेगेने इंजिन नळीसकट फुटते. बोटे आणि डोळे गमावण्याचे अपघात असेच होतात. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक तयार करणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तीन बाण न उघडता एकत्र बांधणेही धोक्याचेच आहे, कारण त्यांच्या वाती सारख्या वेगाने जळत नाहीत, काहींच्या टोकाला फुटणारा बार असतो आणि एक आधी सुटला की सगळे रॉकेट आडवे होऊन माणसांत शिरते.

परंतु त्याला नुसते ‘नको’ म्हणू नये. अनेक इंजिनांचे सगळे शास्त्र त्याला पाणी आणि हवेवर शिकता येते. थंड पेयाची दोन लिटरची बाटली एक-तृतीयांश पाण्याने भरून, तोंडातून सायकलच्या पंपाने हवा भरून सोडली की ती उत्तम रॉकेट होते. बाटली फेसाळ पेयाचीच हवी. साध्या पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक पातळ असते. दाब चार बारच्या, म्हणजे पंपावरच्या साठ पीएसआयच्या आकड्याच्या पुढे नेऊ नये. या दाबालाही बाटलीच्या तोंडातून निघणारे पाणी क्षणभर अडीचशे न्यूटनहून अधिक रेटा देते, म्हणून पाणी आहे म्हणून निर्धास्त राहू नये : काटा असलेला पंप वापरावा, दहा मीटर दूर उभे राहून दोरीने सोडावे आणि कोणीही वरून वाकून पाहू नये. बाटली पहिल्यांदा तपासताना ती काठोकाठ पाण्याने भरून दाब द्यावा. पाणी दाबले जात नसल्याने अशा वेळी बाटली फुटली तरी तुकडे जोराने उडत नाहीत. ओरखडा किंवा चुणी असलेली आणि उन्हात पडून राहिलेली बाटली वापरू नये.

एक बाटली साधली की तीन जोडता येतील. एकाच पंपाला तीन वाटा काढाव्यात, म्हणजे तिन्हींत दाब सारखा राहतो; पाणी मापाने सारखे भरावे; आणि तिन्ही तोंडे सोडणारा खटका एकच असावा. सगळे पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास बाहेर पडते, त्यामुळे एक तोंड किंचित उशिरा सुटले तरी रॉकेट कलते. नांदेडच्या विद्यार्थ्याला इग्नायटरने जो प्रश्न घातला तोच येथे खटका घालतो, आणि तुमचा मुलगा तो अंगणात, आगीविना सोडवू शकेल. पहिल्या प्रयोगाला तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहाव्यात, अशी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या शाळेचे मैदान लहान आहे. तीन इंजिनांच्या रॉकेटसाठी जागा किती लागते आणि आपल्याकडे हंगाम कोणता चांगला?
— विज्ञानशिक्षक, कळमनुरी (जि. हिंगोली)

उत्तर : तीन सी इंजिने मिळून आवेग २० न्यूटन-सेकंदांच्या पुढे, म्हणजे ई गटात जातो. अमेरिकेतील रॉकेट-छंदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा-नियमांत या गटासाठी किमान एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर रुंदीचे मोकळे मैदान आणि दांडीपासून तीस फूट अंतर सांगितले आहे. आपल्याकडेही तेच पाळावे. बटन दाबूनही काही झाले नाही तर बटनाच्या डब्याची किल्ली काढून पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जाऊ नये.

हंगामाचे म्हणाल तर हिवाळ्यातली सकाळ, नऊच्या आत, सर्वांत चांगली. वारा पडलेला असतो. दोनशे मीटरवर उघडलेले पॅराशूट सेकंदाला पाच मीटर उतरत असेल तर त्याला खाली यायला चाळीस सेकंद लागतात आणि ताशी अठरा किलोमीटरचा साधा वाराही तेवढ्यात त्याला दोनशे मीटर वाहून नेतो. मे-जूनच्या वावटळीत म्हणूनच उड्डाण करू नये. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळे दिसते, पण त्याच वेळी बांधांवर सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या असतात आणि पुढे ज्वारी निघाल्यावर कडब्याच्या. एका ठिणगीने एखाद्याचे वर्षाचे वैरण जाईल. गावाबाहेरचे खडकाळ माळरान किंवा ग्रामपंचायतीच्या संमतीने गायरान निवडावे, दांडीभोवतीचे गवत खुरपून काढावे, खाली पत्रा ठेवावा आणि पाण्याचा ड्रम व ओली गोणपाटे हाताशी ठेवावीत. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवावे. नांदेड, लातूर आणि चिकलठाणा येथील विमानतळांच्या परिसरात, तसेच जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि बीडमधील नायगाव मयूर अभयारण्य यांच्या आसपास असा प्रयोग करू नये. रॉकेट विजेच्या तारेवर अडकले तर काठीने काढायचा मोह कोणीही धरू नये, वायरमनला बोलवावे.

प्रश्न : उंचीच हवी असेल तर दोन सी बसवावीत की एक डी?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : एक डी, म्हणजे सी च्या वरच्या गटातले इंजिन, बसवावे. डी १२ चा आवेग सुमारे १७ न्यूटन-सेकंद आहे आणि दोन सी ६ मिळूनही जवळपास तितकाच होतो. मग दोन इग्नायटरांची जोखीम कशाला घ्यावी? मोठ्या रॉकेटांत अनेक इंजिने असतात, कारण हाती असलेले सिद्ध इंजिन जोडून वापरणे नवे महाकाय इंजिन घडवण्यापेक्षा सोपे पडते. इस्रोच्या एलव्हीएम-३ मधील द्रव टप्प्यात दोन विकास इंजिने आहेत ती याच विचाराने. तुम्हाला अनेक इंजिनांचेच तंत्र शिकायचे असेल तर मधोमध डी आणि दोन बाजूंना सी ही रचना सुरक्षित समजली जाते, पण तिच्यात बाजूची इंजिने अक्षापासून वीस मिलिमीटरहून दूर जातात आणि त्यांतले एकच पेटले तर रॉकेट त्रिकोणी रचनेपेक्षा जास्त वळते. चिकटून बसवलेली तीन सी ही रचना मला अधिक भरवशाची वाटते.